पांढरीपांडे बाईंचे पोट्टे

भिलाईच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवून काम करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. डॉ. कमल पांढरीपांडे. पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात औषधांच्या एका दुकानामागे त्यांची पॅथॉलॉजीची लॅब होती. दार उघडून आत गेलं की आधी घाम फुटायचा आणि मग बाई दिसायच्या. कडक कांजीची सुती साडी, पायांत शाळकरी मुलांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा कपाळावर चढवलेला आणि डोळा मायक्रोस्कोपला. कोणी घामेजून भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला की वरसुद्धा न बघता म्हणायच्या, "पंखा नको लावू. पोट्ट्याईले सर्दी होते."

पोट्टे म्हणजे पोरं. नागपूरकडे गल्लीत क्रिकेट खेळून काचा फोडणाऱ्यांसाठी वापरतात तो शब्द. बाईंचे पोट्टे मात्र काचेच्या पट्टीवरच्या एका थेंबात राहायचे. पुरुषाच्या वीर्यातल्या शुक्रजंतूंना त्या पोट्टे म्हणत. रिपोर्टात इंग्रजी शब्द लिहीत, पण तोंडात हाच. "आज पोट्टे सुस्त आहेत", "याचे पोट्टे भल्ले तेज आहेत, सरळ रेषेत पळून राहिले", असं चालायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईंना बरीच मुलं आहेत आणि ती सगळी इथेच कुठेतरी दंगा करतायत. खरं म्हणजे त्यांना एकच मुलगी होती आणि ती लग्न होऊन बडोद्याला गेली होती.

ही गोष्ट छत्तीसगड वेगळं होण्याआधीची, आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हाची. आमचं गाव तेच, सेक्टर तेच, फक्त राजधानी भोपाळ होती आणि कुठल्याही सरकारी कामाला तिकडे जाताना एक रात्र गाडीत काढावी लागायची. मी नागपूरहून नवी कोरी डिग्री घेऊन, लग्न करून भिलाईत आले होते. नवरा पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. बाईंच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर मी छोटंसं प्रसूतिगृह काढलं. टेस्ट ट्यूब बेबी वगैरे गोष्टी तेव्हा मुंबईतल्या, वर्तमानपत्रात वाचायच्या. आमच्या आवाक्यात होतं ते एवढंच: नवऱ्याच्या वीर्यातले सशक्त शुक्रजंतू वेगळे काढायचे आणि योग्य दिवशी बायकोच्या गर्भाशयात नेऊन सोडायचे. सोडायचं काम माझं, ते सोपं. वेगळे काढायचं काम बाईंचं. पन्नाशी उलटल्यावर ही बाई मुंबईला जाऊन, विशीतल्या पोरांच्या शेजारी स्टुलावर बसून ते शिकून आली होती.

पद्धत ऐकायला साधी. वीर्य पातळ होऊ द्यायचं, एका खास द्रवात मिसळून यंत्रात फिरवायचं, तळाशी जो साका बसेल त्यावर तोच द्रव पुन्हा अलगद ओतायचा. मग नळी तिरकी करून अंगाच्या उबेत तासभर ठेवायची. ज्यांच्यात दम आहे, ज्यांची शेपटी धड आहे, ते खालून पोहत वरच्या स्वच्छ द्रवात येतात. मेलेले, वाकडे, एकाच जागी गिरक्या घेणारे तळाशी राहतात. वरचा थर तेवढा बारीक नळीने ओढून घ्यायचा. तो द्रव बाई स्वतः बनवत. क्षार, साखर आणि त्यात बायकोच्या रक्तातून काढलेलं थोडं सीरम. "तिच्याच घरी जायचं आहे, तिथल्या पाण्याची सवय आधीच झालेली बरी," असं म्हणत.

लोक म्हणायचे, बाई चांगले निवडून देतात. त्याचा बाईंना फार राग यायचा. "मी कोण निवडणारी? मी पाणी ठेवते न् गप बसते. पोहणारे आपले वर येतात." आणि खरोखरच गप्प बसत. एरवी ही बाई रस्त्यावरच्या भाजीवालीशीसुद्धा अर्धा तास बोलायची. पण नळी उबेत गेली की टेलिफोन वाजला तरी उचलायच्या नाहीत. ऊब देणारी पेटी कारखान्यातल्या एका मेकॅनिकने त्यांना बनवून दिली होती. लाकडी खोकं, आत एक बल्ब, आणि गरम झाला की आपोआप विझवणारी कसलीशी पट्टी. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये दिवे कधी जायचे नाहीत, आमच्या बाजारात मात्र वरचेवर जात. दिवे गेले की बाई शांतपणे नळी उचलत, स्वच्छ रुमालात गुंडाळत आणि काखेत धरून खुर्चीत ताठ बसून राहत. "ही पेटी देवानं दिली. हिचे दिवे जात नाहीत," असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. एका दिवशी एकच जोडपं. टेबलावर एकाच माणसाची नळी. काचेवर लिहायच्या पेन्सिलीने तिच्यावर नाव लिहायचं, आणि नळी प्रत्येक वेळी हातात घेताना ते मोठ्याने म्हणायचं. दुसरे डॉक्टर हसायचे. मीसुद्धा हसले होते. लोक रायपूर, राजनांदगावहून यायचे, रांग लागायची आणि या बाई मंदिरात नाव घ्यावं तसं एकाचंच नाव घेत बसलेल्या. मी घाई केली की म्हणत, "घाई असंन तं मलेरिया तपास, नलू. तो लवकर सापडते."

त्यांचे यजमान कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. बारीक, अबोल, बायकोच्या निम्म्या आवाजाचे. दुपारी स्कूटरवरून डबा घेऊन यायचे आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. एकदा कोणीतरी त्यांना विचारलं, तुमच्या मिसेस नेमकं काय करतात? पेपर खाली न करता म्हणाले, "आम्ही दोघंही मोजणी करतो. माझी मोजणी पळून जात नाही, एवढाच फरक."

एकदा एक ठेकेदार आले. सफारी सूट, बोटांत अंगठ्या, आणि कुठल्याशा मासिकात काहीतरी वाचलेलं. म्हणाले, "मैडम, आप तो छाँटती हैं. लड़के वाले अलग कर दीजिए." बाईंनी त्यांना मायक्रोस्कोपसमोर स्टुलावर बसवलं, त्यांचाच थेंब खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आप ही बताइए, लड़का कौन सा है?" मला वाटलं हा माणूस ओशाळेल. पण गृहस्थांनी डोळा लावला, खूप निरखून पाहिलं आणि खरोखरच निवडला! "वो, किनारे वाला. तेज़ है." बाईंनी वाकून पाहिलं. "ये? ये तो तब से अपनी ही पूँछ के पीछे घूम रहा है. रख दूँ?"

ठेकेदार गेल्यावर मी पोट धरून हसत होते. बाई हसल्या नाहीत. हात धुतले, पुन्हा धुतले. "दोन पोरी आहेत त्याले," म्हणाल्या, "बाकावर बसून होत्या. सारं ऐकून राहिल्या होत्या त्या." बाहेर जाऊन त्यांनी त्या मुलींना शेंगदाण्याचे लाडू द्यायचे म्हणून पाहिलं, तर ते सगळे निघून गेले होते. त्या दिवशी बाईंचा डबा तसाच परत गेला.

पुरुष बाईंसमोर बसले की जमिनीत शिरायला जागा शोधत. साडीतली बाई, आईच्या वयाची, आणि विचारणार काय? तंबाखूचा खर्रा किती खाता? दातांना गुडाखू घासता का? आंघोळीचं पाणी किती कढत? चड्डी घट्ट असते का? आणि भिलाईतला खास प्रश्न: कोणत्या खात्यात? भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांना त्या जास्त वेळ बसवून घेत. पोट्ट्यांना उष्णता सोसत नाही, हे समजावून सांगत. "भट्टीच कारण असंन असं मी म्हणत नाही, पण पाहून घेऊ." हे सगळं त्या इतक्या सरळ आवाजात विचारत की दहा मिनिटांत तो माणूसही सरळ उत्तरं द्यायला लागायचा. रिपोर्ट मात्र फक्त त्याच्या हातात. आई आलेली असो, सासरा असो, बाहेर आख्खं खानदान बसलेलं असो. "हे त्याचं आहे. त्याले सांगायचं तं तो सांगंन."

नामदेव असाच आला. मेल्टिंग शॉपमध्ये भट्टीवर काम करणारा, रिसालीकडे राहणारा, मूळ भंडाऱ्याचा. पहाडासारखा माणूस आणि आवाज मात्र लहान पोराचा. बायको शोभा, सडपातळ, सतत पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. आणि दोघांच्या मध्ये नामदेवची आई. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. म्हातारी बाकावर बसायची आणि शेजारी कोण आहे ते न बघता सांगायची, "सून वांझोटी निघाली, बाप्पा. आता काय करता?" शोभा तिथेच बसलेली असायची.

बाईंनी नेहमीप्रमाणे आधी नामदेवची तपासणी सांगितली. तेव्हा नमुना घरून आणायची पद्धत होती. "बाटली देते. तासाभरात आणजो, सांभाळून आणजो," एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो सायकल हाणत आला. बाईंनी थेंब घेतला, पाहिला, काच बदलून पुन्हा पाहिला. मला वरून बोलावलं. खाली एकही हलत नव्हता. भरपूर होते, पण सगळे निपचित.

आम्ही दोघी बाहेर आलो. नामदेवने आमचे चेहरे वाचले. हात मांडीत घेऊन खाली बघत राहिला. मी काहीतरी धीराचं बोलायला लागले, तर बाईंनी मला थांबवलं. त्यांची एक सवय होती. कागदावर काहीही लिहायच्या आधी माणसाला सगळं बोलायला लावायचं.

"कसं आणलं? उठल्यापासून सांग."

"बाटलीत घेतलं. थर्मासात बरफ भरून ठेवला होता, त्यात बाटली बुडवली न् आलो."

"बरफ? बरफ कायले?"

नामदेव गोंधळला. "मॅडम, सॅम्पल तं थंड करूनच लॅबले पाठवते ना. भट्टीतून काढलं का पाण्यात बुडवा, मंग पाठवा. गरम सॅम्पल कोन घेते?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग अशा हसल्या की चष्मा कपाळावरून खाली आला. मेडिकलवाला दुकानातून डोकावून गेला. नामदेवला कळेना की हसायचं की रडायचं. डोळे पुसत बाई त्याच्यासमोर बसल्या. "तुही चूक नाही, बेटा. माही आहे. तू तुह्या हिशेबानं बराबर केलं. मी सांगतलंच नाही की ते लोखंड नव्हे."

त्या दिवसानंतर बाटली घरून आणणं बंद. लॅबमागे रिकाम्या खोक्यांची एक कोठी होती. बाईंनी ती रिकामी केली, चुना मारून घेतला, आत एक खुर्ची, पाण्याची बादली आणि दाराला भक्कम कडी. आठवडाभर झाला तरी पुरुष आत जाऊन तसेच बाहेर येत. शेवटी एकाने मान खाली घालून सांगितलं, "मॅडम, भिंतीवर बालाजी आहेत." औषध कंपनीचं कॅलेंडर होतं ते. बाईंनी जीभ चावली, कॅलेंडर हातांनी सोडवून, नमस्कार करून बाहेरच्या खोलीत नेलं आणि आत बर्फाळ डोंगराचं एक चित्र लावलं. मग कोणाची तक्रार आली नाही.

नामदेवचा दुसरा नमुना त्या खोलीतून आला. या वेळी हलणारे होते. पण फार थोडे. इतके थोडे की बाई पुन्हा पुन्हा काच सरकवून शोधत राहिल्या. त्याला आत बोलावून स्वच्छ सांगितलं: कमतरता तुझ्यात आहे. शोभाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. काही महिने भट्टीपासून दूर राहून बघ, खर्रा सोड, मग आपण पोट्टे वेगळे काढून प्रयत्न करू. नामदेवने मान हलवली. जाताना दारात थांबून म्हणाला, "मॅडम, आईले नका सांगजा."

"मी नाही सांगणार. तू सांगजो."

त्याने सांगितलं नाही. भट्टी मात्र सोडली. साहेबांच्या हातापाया पडून स्टोअरमध्ये बदली करून घेतली. भट्टीवरच्या माणसाला स्टोअरमध्ये सामान मोजायला बसवणं म्हणजे काय, ते भिलाईकरांनाच कळेल. सोबती त्याला चिडवायचे, त्याने तेही सोसलं. आईला सांगणं एवढंच त्याच्याने होईना. आणि म्हातारी थांबायला तयार नव्हती. गोंदियाकडची एक मुलगी तिने पाहून ठेवली होती. अक्षय तृतीयेपर्यंत शोभाला दिवस राहिले तर ठीक, नाही तर मुलाचं दुसरं लग्न. शोभाला माहेरी ठेवायची की घरात मोलकरणीसारखी ठेवायची, हे अजून ठरायचं होतं. हे सगळं बाकावर, सगळ्यांसमोर बोललं जायचं.

बाई आतून ऐकत. एकदा तर उठून दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, आता या म्हातारीला सोडत नाहीत. पण दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. "रिपोर्ट त्याचा आहे," मला नाही, स्वतःलाच म्हणाल्या.

फाल्गुनात एका दुपारी शोभा एकटी आली. सासूला बाजाराचं सांगून आली होती. मी तिथेच होते. ती बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"बाई, यांच्यानं नसंन होत तं दुसऱ्या कोनाचं टाका. कोनाचं बी. यांना नका सांगजा. मी बी मरेपर्यंत सांगणार नाई. मले घरातून काढून राहिले हो, बाई."

असं केलं जायचं. कुठे, कोण, ते सांगत नाही, पण त्या काळात गुपचूप असं केलं जायचं आणि सगळी घरं सुखी व्हायची. माझ्या मनात आलंच की हो म्हणा. एक नळी, एक थेंब, आणि ही पोरगी वाचते. मी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी तिला हाताला धरून बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुले लेकरू पाहिजे, मले समजते. पण मी नळीवर नाव लिहिते न् ते नाव घेते. नामदेवचं नाव घेऊन दुसऱ्याचं कसं टाकू, सांग? नामदेव तयार असंन, तुम्ही दोघं मिळून याल, तं त्याचा विचार करू. त्याच्या पाठीमागे नाही."

शोभाने पदराचं टोक सोडलं. "तुमचं नाव घेणं राहते, बाई. माह्यं घर जाते." एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

त्या दुपारी पांढरीपांडे साहेब डबा घेऊन आले आणि तसाच घेऊन परत गेले. संध्याकाळी बाई वर माझ्याकडे आल्या, खिडकीत उभ्या राहिल्या. खाली पावर हाउसचा गलका चालू होता. "नलू, मी बरोबर केलं ना?" म्हणाल्या. या बाईंनी मला त्यापूर्वी कधी काही विचारलं नव्हतं. याचं उत्तर मला आजही खात्रीने देता येत नाही.

चैत्रात शोभाचा योग्य दिवस आला. अक्षय तृतीयेआधीची ही शेवटची संधी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिघं सकाळीच आली. नामदेव आतल्या खोलीत जाऊन आला. बाईंनी नळी घेतली, "नामदेव" म्हटलं, आणि कामाला लागल्या. नळी पेटीत गेली आणि थोड्या वेळाने दिवे गेले. बाईंनी नळी रुमालात गुंडाळली, काखेत घेतली आणि बसल्या. पंखा एरवीही बंदच असायचा, आता खिडकीतून झळ येत होती. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही. समोर शोभा बसली होती. त्या दुपारपासून दोघींत बोलणं नव्हतं. मध्येच शोभा उठली आणि आपल्या पदराने बाईंचं कपाळ पुसून परत जाऊन बसली.

तास झाला. बाईंनी वरचा थर काढला, त्यातला एक थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोप खिडकीशी उजेडात नेला. मग नामदेवला बोलावलं. हीसुद्धा त्यांची रीत होती. ज्याचे आहेत त्याने आधी बघायचे. नामदेवने डोळा लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

दारातून म्हातारीचा आवाज आला. "काय पाहून राहिला रे? मले बी पाहू दे."

बाई आडव्या आल्या. "नाही, आजी. हे त्याचं आहे." असं म्हणून त्यांनी नामदेवकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण कोणाकडे तसं विनवून बघताना कधी पाहिलं नव्हतं.

नामदेवने डोळा काढला. चेहरा घामाने की कशाने ओला होता. "येऊ द्या तिले," म्हणाला.

म्हातारी स्टुलावर बसली. आधी एक डोळा, मग दुसरा. "काई दिसून नाई राहिलं." बाईंनी तिचं डोकं नीट धरलं, चाक फिरवलं. "हे? हे दोन-तीन मच्छर पळून राहिले ते?"

"मच्छर नाई, आई. माहे आहेत."

"इतकेच?"

"इतकेच."

"लोकाईचे किती राहते?"

नामदेवने बाईंकडे पाहिलं. शेवटी तोच म्हणाला, "मोजता येत नाई इतके. शोभाचं काई खराब नाई, आई. पहिल्यापासून मले मालूम होतं. मी सांगतलं नाई."

म्हातारी पुन्हा वाकली आणि त्या दोन-तिघांना बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मला घाई होती, नळीतलं वर न्यायचं होतं, पण तिला उठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मग ती आपणहून उठली, गुडघ्यांवर हात ठेवून, शोभाजवळ गेली. माफी वगैरे काही मागितली नाही. तिच्या पिढीत सुनेची माफी कोणी मागत नसे. तिने विचारलं, "सकाळपासून काई खाल्लं का तू?"

शोभाने मान हलवली. नाही. म्हातारी पिशवीतली भाकरी सोडायला लागली. मी म्हटलं, आधी वर चला, मग खा.

त्या महिन्यात शोभाला दिवस राहिले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. म्हातारी मात्र गोंदियाला स्वतः गेली आणि नकार देऊन आली. लॅबच्या बाकावर तिचं बोलणं बदललं. आता ती नव्या आलेल्या सासवांना सांगायची, "आधी पोराचं तपासून घ्या, बाई. माह्या पोराचंच कमी निघालं." नामदेव शेजारी बसून ऐकायचा. एवढा मोठा माणूस लाजून लाल व्हायचा, पण उठून जायचा नाही. आम्ही कितीतरी वेळा प्रयत्न केला. बाईंनी त्या दोघांना दुसऱ्या मार्गांबद्दलही सांगितलं, त्यांनी घरी बसून विचार केला आणि नको म्हणाले. दुसऱ्या कितीतरी घरांत बाईंच्या नळीतून पोरं आली. बारशाचे पेढे यायचे, बाई ते आल्या-गेल्याला वाटून टाकायच्या. शोभाचा पेढा आला नाही. त्याचं बाईंना फार लागून राहिलं होतं, हे मला माहीत आहे, कारण बोलता बोलता त्या कुठूनही तिथेच यायच्या. "त्या दुपारी मी हो म्हटलं असतं तं..." एवढं म्हणून थांबायच्या.

मग साहेब निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं आलं. नागपूरला घर होतंच. बाईंनी लॅब एका तरुण डॉक्टरला दिली आणि त्याला पहिल्या दिवशी पंख्याबद्दल सांगितलं. मी पाहिलं, आठवड्याभरात त्याने पंखा लावला होता.

त्यांना पोचवायला दुर्गच्या स्टेशनवर खूप लोक आले होते. बाई खिडकीशी बसल्या होत्या, साहेब आत सामान मोजत होते. लेकुरवाळी जोडपी पोरांना खिडकीपाशी वर धरत होती, पाया पड, पाया पड, म्हणत होती. गर्दी कमी झाली तेव्हा नामदेव दिसला. आईला हाताला धरून आणत होता, मागे शोभा. तिच्या केसांत थोडे पांढरे आले होते.

बाईंनी गजांमधून हात बाहेर काढला. "शोभा," म्हणाल्या, "मी तुले लेकरू नाही देऊ शकली."

इतक्या गर्दीत, इतक्या गलक्यात हे म्हणाल्या. म्हातारी दुसरीकडे बघायला लागली. नामदेवने खिशातून रुमाल काढला. शोभा मात्र हसली. मी तिला तसं मोकळं हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

"मी घरात आहो ना, बाई," ती म्हणाली.

बाईंनी तिचा हात धरला. शिट्टी झाली, गाडी हलली. हात सोडायचा त्यांना सुचलंच नाही, आणि शोभा हात न सोडवता गाडीबरोबर प्लॅटफॉर्मवरून चालत राहिली.